लिश्टनस्टाइन: प्रिन्सचा अधिकार किती आणि लोकांचा किती?

लिश्टनस्टाइनमध्ये निवडून आलेली संसद आहे. हजार सह्या जमवल्या की संसदेने केलेला कायदा सार्वमताला नेता येतो. तरीही तिथला प्रिन्स कोणताही कायदा रोखू शकतो. मग सत्ता नेमकी कोणाकडे, असा हा प्रश्न आहे.

थेट उत्तर द्यायचे तर ती वाटलेली आहे, आणि मोनाको व व्हॅटिकन बाजूला ठेवले तर प्रिन्सचा वाटा युरोपातल्या इतर कोणत्याही राजापेक्षा मोठा आहे. त्याला शोभेचा राजा समजणे चूक आहे आणि निरंकुश समजणे त्याहून मोठी चूक. कोण कोणाला, किती दिवसांत आणि किती सह्यांवर अडवू शकतो हे पाहिले की ही व्यवस्था उलगडते. अधिकारांची नुसती यादी वाचून ती कळत नाही, कारण यातले सर्वांत जड अधिकार क्वचितच वापरले जातात आणि तरी रोजच्या कारभारावर त्यांचा दाब असतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्यामध्ये, ऱ्हाइन नदीच्या उजव्या काठावर १६० चौरस किलोमीटरचा हा देश. लोकसंख्या साधारण ४० हजार, पालिका अकरा, राजधानी फाडुट्स. लिश्टनस्टाइन घराण्यातल्या योहान आडाम आंद्रेयास यांनी १६९९ मध्ये शेलेनबर्गची आणि १७१२ मध्ये फाडुट्सची जहागीर विकत घेतली. पवित्र रोमन साम्राज्याच्या सभेत आसन मिळवायचे तर थेट सम्राटाच्या अखत्यारीतली जमीन लागे, म्हणून ही खरेदी. २३ जानेवारी १७१९ रोजी सम्राट कार्ल सहावा याने दोन्ही जहागिऱ्या जोडून त्यांना संस्थानाचा दर्जा दिला आणि घराण्याचेच नाव देशाला मिळाले. पुढची दोन शतके प्रिन्स व्हिएन्नात किंवा मोरावियातल्या इस्टेटीवर राहिले. फाडुट्सच्या गडावर कायमचे राहायला आलेले पहिले प्रिन्स म्हणजे फ्रान्झ योझेफ दुसरे, आणि तेही १९३८ मध्ये. राजा दूर असल्यामुळे स्थानिक लोकांना आपला कारभार आपण करायची सवय लागली. त्या दोन जहागिऱ्या आजही जिवंत आहेत: शेलेनबर्गची जहागीर म्हणजे आजचा उंटरलांड आणि फाडुट्सची म्हणजे ओबरलांड. संसदेचे दोन मतदारसंघ हेच.

सध्याची राज्यघटना ५ ऑक्टोबर १९२१ ची आहे, २००३ मध्ये मोठ्या प्रमाणावर बदललेली. तिच्या दुसऱ्या कलमात सगळ्याचे मूळ आहे: हे राज्य लोकशाही आणि संसदीय पायावर उभी असलेली घटनात्मक वंशपरंपरागत राजेशाही आहे, आणि राज्यसत्ता प्रिन्स आणि जनता या दोघांच्या ठायी आहे. बाकीच्या युरोपात राजेशाही उरली तिथे सार्वभौमत्व जनतेकडे गेले आणि राजाकडे सही उरली. इथे दोन धनी आहेत आणि कोणीही दुसऱ्याचा नोकर नाही.

आता एक कायदा जन्मापासून शेवटपर्यंत कसा जातो ते पाहू. विधेयक बहुधा सरकार तयार करते. मसुदा आधी पालिका, पक्ष, संघटना आणि नागरिक यांच्याकडे हरकती व सूचनांसाठी जातो. त्यानंतर सरकार आपला अहवाल आणि प्रस्ताव लांडटागपुढे, म्हणजे संसदेपुढे ठेवते. पहिल्या वाचनात आधी विधेयक विचारात घ्यायचे की नाही यावर चर्चा होते, मग सदस्य कलमनिहाय शंका काढतात. त्या शंकांना सरकार लेखी उत्तर देते आणि त्याच्या आधाराने दुसरे वाचन होते. त्यात प्रत्येक कलमावर मतदान आणि शेवटी संपूर्ण विधेयकावर मतदान. लांडटागचे २५ सदस्य. कामकाजाला किमान दोन-तृतीयांश, म्हणजे १७ जण हजर लागतात. साध्या कायद्याला हजर असलेल्यांचे बहुमत पुरते. घटनादुरुस्तीला मात्र हजर सदस्यांचे एकमत, किंवा लागोपाठच्या दोन बैठकांत तीन-चतुर्थांश बहुमत लागते.

लांडटागने कायदा संमत केला की त्याची सूचना प्रसिद्ध होते आणि तीस दिवसांची मुदत सुरू होते. या मुदतीत साध्या कायद्याविरुद्ध १,००० मतदारांनी सह्या केल्या किंवा तीन पालिकांनी तसा ठराव केला, तर कायदा सार्वमताला जातो. घटनादुरुस्ती किंवा आंतरराष्ट्रीय करार असेल तर आकडा १,५०० सह्या किंवा चार पालिका. कोणी हललेच नाही, किंवा सार्वमतात कायदा टिकला, तर तो प्रिन्सकडे जातो. प्रिन्सची संमती, पंतप्रधानाची प्रतिस्वाक्षरी आणि राजपत्रात प्रसिद्धी, या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय कायदा लागू होत नाही.

पासष्टाव्या कलमातले एक वाक्य इथे फार महत्त्वाचे आहे: प्रिन्सने सहा महिन्यांत संमती दिली नाही, तर ती नाकारली असे मानले जाते. म्हणजे नकार द्यायला त्याला काहीच लिहावे लागत नाही, कारण द्यावे लागत नाही, विधेयक फेरविचारासाठी परतही पाठवावे लागत नाही. भारताच्या राष्ट्रपतींनी विधेयक परत पाठवले आणि संसदेने ते पुन्हा संमत केले, तर त्यांना संमती रोखता येत नाही. लिश्टनस्टाइनमध्ये अशी दुसरी फेरी नाही. सार्वमतात नव्वद टक्के मते पडलेला कायदाही याच दारातून जातो.

हा नकाराधिकार प्रत्यक्षात किती वेळा वापरला गेला? अगदी मोजक्या वेळा. नेहमी सांगितले जाणारे उदाहरण १९६१ चे: शिकारीच्या कायद्याला फ्रान्झ योझेफ दुसरे यांनी संमती नाकारली. पण आकडा छोटा आहे यावरून अधिकार निष्प्रभ आहे असा निष्कर्ष काढणारे फसतात. २०११ चे गर्भपाताचे प्रकरण पाहा. गर्भधारणेच्या पहिल्या बारा आठवड्यांतला गर्भपात गुन्हा ठरू नये असा लोकप्रस्ताव, म्हणजे नागरिकांनी सह्या जमवून मांडलेला प्रस्ताव, १८ सप्टेंबर २०११ रोजी सार्वमताला होता. त्याआधी ऑगस्टमध्ये, राष्ट्रीय दिनाच्या भाषणात, वडिलांच्या वतीने प्रिन्सचे अधिकार वापरणारे युवराज आलोइस यांनी जाहीर केले की प्रस्ताव जिंकला तरी ते संमती देणार नाहीत. थोड्या फरकाने प्रस्ताव पडला. किती लोकांनी विरोधात मत दिले आणि किती जण ‘उपयोगच नाही’ म्हणून घरी बसले, हे वेगळे काढता येत नाही. पण ज्या मतदानाचा निकाल एका बाजूने आधीच रद्द ठरवला आहे ते मतदान मोकळे राहत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. नकार नोंदींत दिसला नाही, तरी त्याने काम केले.

त्यावर लोकांनी काय केले हे त्याहून बोलके आहे. सार्वमतात संमत झालेल्या निर्णयाला प्रिन्सची संमती लागू नये, असा घटनादुरुस्तीचा लोकप्रस्ताव लगेच आला. १ जुलै २०१२ रोजी मतदान झाले आणि सुमारे ७६ टक्के लोकांनी तो फेटाळला. नेमक्या उलट दिशेचे उदाहरण लक्झेंबर्गचे. तिथे २००८ मध्ये ग्रँड ड्यूक हेन्री यांनी इच्छामरणाच्या कायद्याला संमती देणार नाही असे कळवले, तेव्हा संसदेने घटनाच बदलली आणि कायद्यांना त्यांची संमती लागण्याची अट काढून टाकली. दोन्ही राजेशाह्या छोट्या, दोन्हीकडे प्रश्न सदसद्विवेकाचा. एकीकडे राजाचा अधिकार गेला, दुसरीकडे मतदारांनी स्वतः तो राखला. लिश्टनस्टाइनच्या मतदाराला प्रिन्स हा दोन मोठ्या पक्षांच्या वरचा आणि परदेशात वजन असलेला माणूस वाटतो. शिवाय घराणे मुख्यतः स्वतःच्या संपत्तीवर जगते. त्यात एलजीटी ही बँक आहे, जमीनजुमला आहे, जगप्रसिद्ध कलासंग्रह आहे. त्यामुळे राजवाड्याच्या खर्चावरून इतर देशांत होतो तसा वाद इथे पेटत नाही.

आता लोकांच्या हातातल्या साधनांकडे. मतदार साधारण २१ हजार आहेत. त्यामुळे १,००० सह्या म्हणजे सुमारे पाच टक्के. हे प्रमाण ऐकायला मोठे वाटते, पण सगळा देश काही किलोमीटरांत असल्यामुळे जिद्दी गटाला ते गाठता येते. संसदेच्या कायद्याला आव्हान देणे हा एक मार्ग. स्वतःचा कायदा सुचवणे, म्हणजे लोकप्रस्ताव, हा दुसरा. साध्या कायद्यासाठी १,००० सह्या किंवा तीन पालिका, घटनेसाठी १,५०० किंवा चार, हेच आकडे इथेही. प्रस्ताव मोघम मागणीच्या रूपात देता येतो किंवा कलमांसह पूर्ण मसुदा म्हणून. अनुभवी मंडळी पूर्ण मसुदाच देतात, कारण मोघम मागणी संसदेने मान्य केली तरी तिचा कायदा कसा लिहायचा हे संसदच ठरवते.

पूर्ण मसुद्याचा क्रम असा. प्रस्ताव आधी सरकारकडे नोंदवायचा. तो राज्यघटनेशी आणि देशावर बंधनकारक असलेल्या करारांशी जुळतो का याची पूर्वतपासणी होते आणि अहवाल लांडटागपुढे जातो. लांडटागने तो बेकायदा ठरवला तर गोष्ट तिथेच संपते, किंवा घटना न्यायालयात जाते. पार झाला तर जाहीर होतो आणि सह्यांसाठी सहा आठवडे मिळतात. सह्या पालिकानिहाय कागदांवर गोळा करून त्या-त्या पालिकेकडून मतदार असल्याची खातरजमा करून घ्यावी लागते. मग प्रस्ताव लांडटागपुढे येतो. त्यांनी जसाच्या तसा स्वीकारला तर ठीक, फेटाळला तर सार्वमत. लांडटाग स्वतःचा पर्यायी प्रस्तावही शेजारी ठेवू शकते. मतदानाला किमान उपस्थितीची अट नाही. दिलेल्या वैध मतांचे बहुमत पुरते.

फसते कुठे? सर्वांत जास्त पूर्वतपासणीत. युरोपीय आर्थिक क्षेत्राचा करार, स्वित्झर्लंडशी असलेला सीमाशुल्क करार आणि मानवी हक्कांचा युरोपीय करार या तिन्हींच्या चौकटीत मसुदा बसवणे अवघड असते, आणि एक निष्काळजी कलम सगळा प्रस्ताव बुडवू शकते. दुसरी अडचण पैशाची. तिजोरीवर नवा बोजा टाकणाऱ्या प्रस्तावासोबत तो पैसा कुठून येणार याची तजवीज लिहून द्यावी लागते. नसेल तर लांडटागने त्याचा विचार करायचाच नाही, असे घटना सांगते. तिसरी सह्यांची: प्रमाणित न झालेली सही मोजली जात नाही, म्हणून बरोबर हजार सह्या घेऊन थांबणे धोक्याचे. आणि लांडटागने कायदा तातडीचा म्हणून जाहीर केला, तर त्यावर सार्वमत मागताच येत नाही. हा ‘तातडी’ शब्द छापील कागदावर शेवटच्या ओळीत असतो. विरोधकांनी तो सर्वांत आधी वाचायला हवा.

ही यंत्रणा शोभेची नाही. २०२० मध्ये ऑस्ट्रियाशी जोडणाऱ्या रेल्वेचा विस्तार लोकांनी नाकारला. २०२३ च्या जानेवारीत कॅसिनोबंदीचा प्रस्ताव पडला. सरकारची निवड थेट लोकांनी करावी हा प्रस्ताव २०२४ च्या फेब्रुवारीत पडला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत जायला लोकांनी होकार दिला आणि ऑक्टोबरच्या अखेरीस सार्वजनिक रेडिओचा कायदाच रद्द केला. २०२५ च्या वसंतात ‘रेडिओ लिश्टनस्टाइन’ खरोखर बंद पडला. संसदेची इच्छा काही असो, सरकारला प्रत्येक मोठ्या खर्चाआधी आणि कराराआधी लोकांना पटवावे लागते.

लांडटागची निवडणूक दर चार वर्षांनी होते. ओबरलांडमधून १५ आणि उंटरलांडमधून १० सदस्य. १९८९ पर्यंत एकूण १५ च सदस्य होते. मतदानाची पद्धत बाहेरच्यांना गोंधळात टाकते, म्हणून थोडी फोड करतो. मतदाराला प्रत्येक पक्षाची छापील यादी मिळते आणि त्यांतली एकच तो वापरतो. ओबरलांडच्या मतदाराकडे १५ मते, उंटरलांडच्या मतदाराकडे १०. यादी न बदलता टाकली तर सगळी मते त्या पक्षाची. एखादे नाव खोडले आणि जागा रिकामी ठेवली, तर उमेदवाराचे मत जाते पण पक्षाचे राहते. खोडलेल्या जागी दुसऱ्या पक्षाच्या उमेदवाराचे नाव लिहिले, तर ते एक मत त्या दुसऱ्या पक्षाकडे जाते. एकच नाव दोनदा लिहिता येत नाही. म्हणजे आवडत्या शेजाऱ्यासाठी नाव बदलणारा मतदार आपल्याच पक्षाचे एक मत कमी करत असतो, आणि छोट्या देशात असे शेजारी पुष्कळ. २०२१ मध्ये पेट्रिऑटिक युनियन आणि प्रोग्रेसिव्ह सिटिझन्स पार्टी यांच्यातला फरक अवघा ४२ पक्षमतांचा होता. ओबरलांडच्या न बदललेल्या तीन मतपत्रिकांत ४५ मते असतात. त्यावरून निकालाची धार कळेल. दोघांनाही दहा-दहा जागा मिळाल्या, पण पुढे असलेल्या युनियनचे डानिएल रिश पंतप्रधान झाले. मतदान बहुतेक लोक टपालाने करतात.

देशभरात आठ टक्के मते न मिळालेल्या पक्षाला जागा मिळत नाही. पंचवीस जागांच्या सभागृहात एक जागा म्हणजे चार टक्के; तेव्हा आठ टक्क्यांची अट म्हणजे एक जागेच्या बळाचे पक्ष आत येऊच द्यायचे नाहीत. इतक्या छोट्या सभागृहाला ही अट मला जाचक वाटते. सदस्यत्व ही पूर्णवेळ नोकरी नाही. वकील, शिक्षक, शेतकरी आपापले काम सांभाळून बैठकींना येतात. म्हणून पक्षांना बदली सदस्यही मिळतात, प्रत्येक मतदारसंघात निवडून आलेल्या दर तीन जागांमागे एक, आणि कोणी आजारी पडला किंवा परदेशी गेला तर बदली सदस्य पूर्ण मताधिकारासह बसतो.

पक्षांना लोक रंगांनी ओळखतात: सिटिझन्स पार्टी काळी, युनियन लाल. १९३८ ते १९९७ हे दोन्ही पक्ष अखंड एकत्र सरकारात होते, त्यानंतर दोनदा एकपक्षीय सरकार येऊन गेले. ९ फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत युनियनला १०, सिटिझन्स पार्टीला ७, डेमोक्रॅट्स फॉर लिश्टनस्टाइनला ६ आणि फ्री लिस्टला २ जागा मिळाल्या. युनियनच्या ब्रिगिटे हास एप्रिलमध्ये पंतप्रधान झाल्या, या पदावरच्या पहिल्या महिला.

सरकार पाच जणांचे असते, पंतप्रधान आणि चार मंत्री, आणि त्यांत ओबरलांड व उंटरलांड या प्रत्येकातून किमान दोघे लागतात. लांडटाग नावे सुचवते, प्रिन्स नेमणूक करतो. महत्त्वाचे निर्णय मंडळ म्हणून बहुमताने होतात; पंतप्रधान बरोबरीच्या वेळी निर्णायक मत देतो, पण सहकाऱ्यांचा वरिष्ठ नसतो. युतीची बोलणी करताना पाच खुर्च्या, दोन पक्ष, दोन प्रदेश आणि खात्यांची वाटणी एकाच वेळी जमवावी लागते. शेवटी नाव चांगले आहे पण प्रदेश चुकीचा, म्हणून योग्य माणूस बाहेर राहतो, असेही घडते.

सरकार घालवण्याचा अधिकार दोघांनाही स्वतंत्रपणे आहे. लांडटागने किंवा प्रिन्सने विश्वास काढून घेतला की सरकारची सत्ता संपते. मग प्रिन्स हंगामी सरकार नेमतो, आणि नवे कायम सरकार वेळेत नेमले गेले नाही तर त्या हंगामी सरकारला चार महिन्यांच्या आत लांडटागपुढे विश्वासमत घ्यावे लागते. एकटा मंत्री काढायचा असेल तर मात्र प्रिन्स आणि लांडटाग यांचे एकमत हवे. जुलै २०१९ मध्ये लांडटागने परराष्ट्रमंत्री आउरेलिया फ्रिक यांच्यावरचा विश्वास काढून घेतला, युवराजांनी सहमती दिली आणि फ्रिक यांचे पद गेले. प्रिन्स सबळ कारण सांगून लांडटागही विसर्जित करू शकतो. १९९३ मध्ये पंतप्रधान मार्कुस ब्युशेल यांच्यावर त्यांच्याच पक्षाने अविश्वास दाखवला, प्रिन्स हान्स-आडाम दुसरे यांनी लांडटाग विसर्जित केली आणि त्या एका वर्षात दोन निवडणुका झाल्या. विसर्जनाचा हा अधिकार फक्त प्रिन्सकडेच आहे असेही नाही: १,५०० मतदार किंवा चार पालिका लांडटाग विसर्जित करण्यावर सार्वमत मागू शकतात.

यातले बरेच नियम २००३ च्या घटनादुरुस्तीने आले. त्या दुरुस्तीचा मसुदा प्रिन्स आणि युवराज यांचा. लांडटागमध्ये पुरेसे बहुमत मिळणार नाही हे दिसल्यावर त्यांनी नागरिकांच्याच मार्गाने सह्या गोळा करून तो लोकप्रस्ताव म्हणून आणला. प्रस्ताव पडला तर व्हिएन्नाला निघून जाऊ, असे हान्स-आडाम यांनी सांगितले होते. युरोपीय परिषदेच्या, राज्यघटनांवर सल्ला देणाऱ्या व्हेनिस आयोगाने मसुदा लोकशाहीला मागे नेणारा असल्याची टीका केली. मार्च २००३ मध्ये सुमारे ६४ टक्के मतांनी तो मंजूर झाला. त्याने प्रिन्सला न्यायाधीशनिवडीत वरचष्मा दिला, पण सरकारी अधिकारी नेमण्याचा त्याचा अधिकार सरकारकडे गेला आणि आणीबाणीच्या हुकमांना सहा महिन्यांची मर्यादा आली.

त्याच दुरुस्तीने लोकांना तीन दरवाजे दिले. पहिला: १,५०० मतदार प्रिन्सविरुद्ध अविश्वास प्रस्ताव आणू शकतात. तो सार्वमतात मंजूर झाला की प्रकरण राजघराण्याकडे जाते आणि घराणे आपल्या कुलनियमांनुसार निर्णय घेऊन सहा महिन्यांत लांडटागला कळवते. म्हणजे लोक नापसंती नोंदवू शकतात, शिक्षा घराणे ठरवते. हा दरवाजा अर्धाच उघडतो. दुसरा: ११३ वे कलम. पुन्हा १,५०० सह्या, आणि राजेशाही रद्द करण्यावर सार्वमत. होकार आला तर लांडटागने प्रजासत्ताकाची घटना लिहायची आणि एक वर्षानंतर, पण दोन वर्षांच्या आत, ती लोकांपुढे ठेवायची. प्रिन्स त्याच मतदानासाठी स्वतःची पर्यायी घटना देऊ शकतो. या एकाच मार्गावर प्रिन्सची संमती लागत नाही. तिसरा: प्रत्येक पालिकेला देशातून बाहेर पडण्याची प्रक्रिया सुरू करण्याचा हक्क. या तिन्हींपैकी मला खरा वाटतो तो दुसरा. पण त्याची रचना अशी आहे की मतदाराला राजेशाही आहे तशी ठेवायची की पूर्ण काढायची, एवढेच निवडता येते. तिचे अधिकार कमी करण्याचा मधला मार्ग मात्र प्रिन्सच्या संमतीतूनच जातो. २०१२ चे मतदान याच मधल्या मार्गावर होते, आणि ते जिंकले असते तरी अखेरची सही प्रिन्सचीच लागली असती.

व्यवस्थेचा सर्वांत कमकुवत सांधा न्यायाधीशांच्या निवडीत आहे. निवड समितीचे अध्यक्ष प्रिन्स असतात आणि निर्णायक मतही त्यांचे. लांडटागमधल्या प्रत्येक गटाचा एक प्रतिनिधी असतो, तितकेच सदस्य प्रिन्सही नेमू शकतात, आणि न्यायमंत्री असतो. प्रिन्सच्या सहमतीशिवाय कोणाच्याही नावाची शिफारस होत नाही. शिफारस लांडटागने नाकारली आणि चार आठवड्यांत नवे नाव ठरले नाही, तर लांडटागने स्वतःचा उमेदवार द्यायचा आणि लोकांनी मतदानाने निवड करायची. प्रिन्सच्या या वरचष्म्याची भीती का वाटावी याचे उत्तर आधीच्या एका खटल्यात आहे. १९९५ मध्ये प्रशासकीय न्यायालयाचे अध्यक्ष हेरबर्ट विल्ले यांनी एका व्याख्यानात घटना न्यायालयाच्या अधिकारांबद्दल असे मत मांडले की प्रिन्स आणि लांडटाग यांच्यात घटनेच्या अर्थावरून वाद झाला तर तेही ते न्यायालय सोडवू शकते. हान्स-आडाम यांनी त्यांना पत्र लिहून कळवले की पुन्हा कोणत्याही सार्वजनिक पदावर त्यांची नेमणूक करणार नाही, आणि पुढे तसेच केले. मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने २८ ऑक्टोबर १९९९ रोजी हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग ठरवला. देश छोटा असल्याने स्विस आणि ऑस्ट्रियन न्यायाधीशही इथल्या न्यायालयांत बसतात. त्याने स्वतंत्रपणा थोडा सांभाळला जातो, पण निवडीचे दार एकाच ठिकाणी अरुंद राहते.

बाहेरच्या मर्यादाही विसरू नयेत. १९२३ च्या करारानुसार देश स्वित्झर्लंडच्या सीमाशुल्क क्षेत्रात आहे आणि स्विस फ्रँक हेच चलन, त्यामुळे त्या विषयांतले स्विस नियम आपोआप लागू होतात. १ मे १९९५ पासून तो युरोपीय आर्थिक क्षेत्रातही आहे, म्हणून युरोपीय बाजाराचे कायदेही येतात. हे दोन्ही जमवताना १९९२ मध्ये मोठा घटनात्मक पेच झाला. युरोपीय कराराचे सार्वमत स्विस मतदानाच्या आधी घ्यावे असा हान्स-आडाम यांचा आग्रह, तर सरकार व लांडटाग यांना ते नंतर हवे. २८ ऑक्टोबरला फाडुट्समध्ये लोक रस्त्यावर उतरले, त्याच दिवशी तडजोड झाली आणि मतदान नंतरच, १३ डिसेंबरला झाले. स्विस लोकांनी आठवडाभर आधी करार नाकारला होता. लिश्टनस्टाइनने सुमारे ५६ टक्क्यांनी स्वीकारला.

शेवटी, या व्यवस्थेतले ‘लोक’ कोण? फक्त देशात राहणारे, अठरा पूर्ण केलेले नागरिक. स्त्रियांना राष्ट्रीय मताधिकार १ जुलै १९८४ च्या सार्वमतात, केवळ पुरुषांच्या मतांनी, ५१.३ टक्क्यांनी मिळाला. १९७१ आणि १९७३ मध्ये तो नाकारला गेला होता. रहिवाशांपैकी सुमारे एक तृतीयांश परदेशी आहेत, त्यांना मत नाही, आणि साधारण मार्गाने नागरिकत्व मिळवायचे तर पालिकेतल्या नागरिकांच्या मतदानाला सामोरे जावे लागते.

आणि प्रिन्स कोण होणार हे लोक ठरवत नाहीत, लांडटागही नाही. १९९३ च्या कुलनियमांनुसार वारसा फक्त पुरुष वंशजांत, ज्येष्ठत्वाने जातो. हान्स-आडाम दुसरे १९८९ पासून प्रिन्स आहेत, पण १५ ऑगस्ट २००४ पासून दैनंदिन अधिकार त्यांचे थोरले पुत्र आलोइस प्रतिनिधी म्हणून वापरतात. कायद्यांवर सही आलोइस यांचीच होते. पुढे गादी बदलेल तेव्हा नव्या प्रिन्सने, लोकांची निष्ठा स्वीकारण्याआधी, राज्यघटनेप्रमाणे आणि कायद्याप्रमाणे राज्य करीन आणि देश अखंड राखीन असे लेखी दस्तऐवजात नमूद करायचे, अशी अट तेराव्या कलमात आहे.